पावलांची ओळख, संख्यांची साक्ष

(खंडाळा येथील अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा लेखरूप पाठ)



मराठी भाषेत ‘चाल’ हा एक शब्द किती कामे करतो, हे पाहण्यासारखे आहे. माणसाच्या चालण्याच्या लकबीला चाल म्हणतात, गीताच्या सुरावटीला चाल म्हणतात, शत्रूवर केलेल्या आक्रमणाला चाल म्हणतात. आणि घराण्याची जी रीत, तीही चालरीतच. हातोहात फिरणाऱ्या नाण्याला तर ‘चलन’ हेच नाव आहे. या सर्व अर्थांच्या मुळाशी ठरावीक वळणाने होणारी गती ही एकच कल्पना आहे. वळण ठरावीक असते, म्हणूनच त्याची ओळख पटते. माजघरात बसलेली आजी जिन्यावर वाजणाऱ्या पावलांवरून थोरला आला की धाकटा, हे न पाहता सांगते. पथसंचलनात घोषाच्या तालावर शेकडो पावले एकाच वेळी पडत असतात, तरीही अनुभवी शिक्षक दुरूनच एखाद्या स्वयंसेवकाला त्याच्या खांद्याच्या हालचालीवरून नेमका ओळखतो.

आजीला आणि शिक्षकाला जे सहज साधते, ते यंत्राला साधावे यासाठी गेली काही दशके जगभर प्रयत्न चालू आहेत. खिशातील भ्रमणध्वनी आपला धनी चालतो आहे की धावतो आहे, हे आज सांगतो. चेहरा दिसत नसतानाही केवळ चालीवरून माणूस ओळखण्याचा यत्न कॅमेऱ्याच्या साहाय्याने होतो. या विद्येचा पाया संख्याशास्त्र हा आहे. ही ओळख कशी पटते, तिच्या उभारणीत आपल्या देशाचा वाटा कोणता आणि तिच्यावर विश्वास किती टाकावा, या तीन प्रश्नांचा येथे विचार करावयाचा आहे.

माग काढण्याची जुनी विद्या

पावलांवरून माणूस शोधण्याची विद्या महाराष्ट्राला नवी नाही. पेशवाईच्या अस्तानंतर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने १८१९ साली जिंकलेल्या मुलखाविषयी जो अहवाल लिहिला, त्यात गावच्या राखणदाराच्या कामाचे वर्णन आले आहे. गावात चोरी झाली की चोराचा माग काढणे हे राखणदाराचे कर्तव्य. पावलांच्या खुणा पाहत तो शेजारच्या गावाच्या शिवेपर्यंत जाई. तेथील राखणदाराची खात्री पटली, म्हणजे पहिल्याची जबाबदारी संपे आणि पुढचा माग दुसऱ्याकडे येई. ज्या गावापर्यंत माग स्पष्टपणे पोहोचला, ते शेवटचे गाव चोरीच्या मालाला जबाबदार धरले जाई.

या पद्धतीतील एक गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. माग काढणाऱ्याचा शब्द अखेरचा मानला जात नसे. ज्याच्यावर जबाबदारी येणार, त्या पक्षाच्या जाणकाराने तीच खूण स्वतः तपासून मान्य करावी लागे. ओळख पटवणे आणि ती ओळख पडताळून पाहणे ही दोन वेगळी कामे आहेत, हे त्या निरक्षर माणसांना पक्के ठाऊक होते.

चालणे कोठे संपते, धावणे कोठे सुरू होते

चालणे आणि धावणे यांतील भेद वेगाचा आहे, असे सामान्यतः समजले जाते. वस्तुतः तो भेद पायांच्या जमिनीशी असलेल्या नात्याचा आहे. चालताना एक तरी पाय सदैव जमिनीवर टेकलेला असतो आणि प्रत्येक आवर्तनात काही काळ तर दोन्ही पाय टेकलेले असतात. धावताना मात्र असा एक क्षण येतो, की शरीर पूर्णपणे अधांतरी असते. सर्वसाधारण चालीत एक पाऊल आवर्तनाचा सुमारे ६० टक्के काळ जमिनीवर आणि ४० टक्के काळ हवेत असते.

शरीराच्या भाराचे गणितही दोहोंत उलटे आहे. चालताना टेकलेला पाय काठीसारखा ताठ राहतो आणि शरीर त्यावरून कमानीसारखे पुढे जाते. पाय सरळ खाली येतो त्या क्षणी कंबर सर्वांत उंच असते. धावताना पाय स्प्रिंगसारखा दबतो आणि नेमक्या त्याच क्षणी कंबर सर्वांत खाली येते. जमीन पायाला जो उलट रेटा देते, तो चालताना शरीराच्या वजनाहून थोडा अधिक होतो आणि एका पावलात दोनदा उंचावतो. धावताना तो एकदाच, परंतु वजनाच्या दोन-तीन पट उसळतो. बहुतेक प्रौढ माणसे ताशी सुमारे ७ किलोमीटरच्या आसपास, कोणी न सांगता, चालणे सोडून धावू लागतात.

हे सूक्ष्म भेद नुसत्या डोळ्यांना टिपता येत नव्हते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत एडवर्ड मायब्रिज याने आणि फ्रान्समध्ये एतिएन-ज्युल मारे याने लागोपाठ छायाचित्रे घेऊन गती गोठवली, तेव्हा त्यांचे मोजमाप शक्य झाले. पुढे १९७३ साली स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ गुन्नार योहान्सन यांनी एक साधा, पण विलक्षण प्रयोग प्रसिद्ध केला. माणसाच्या सांध्यांवर प्रकाशाचे मोजके ठिपके लावून त्याला अंधारात चालावयास लावले. पाहणाऱ्यांना फक्त हलणारे ठिपके दिसत होते. तरीही हा चालणारा माणूस आहे, हे त्यांनी क्षणार्धात ओळखले. १९७७ साली अमेरिकेत झालेल्या अशाच प्रयोगात काही जणांना ठिपक्यांवरून आपले मित्रही ओळखता आले. अर्थात, ती ओळख निव्वळ अंदाजापेक्षा सरस असली तरी अचूकतेपासून बरीच दूर होती. चालीत ओळख दडलेली असते आणि ती थोड्या बिंदूंत मावते, एवढे यातून सिद्ध झाले.

आकड्यांची गर्दी आणि त्यातील सार

भ्रमणध्वनीत त्वरण मोजणारा एक चिमुकला भाग असतो. तो पुढे-मागे, डावी-उजवीकडे आणि वर-खाली या तीन दिशांतील हिसके टिपत राहतो. समजा, सेकंदाला ५० वेळा मोजणी झाली, तर दहा सेकंदांच्या चालण्यातून १,५०० आकडे गोळा होतात. या गर्दीतून सार काढणे, हे संख्याशास्त्राचे काम.

प्रथम आकड्यांची मालिका काही सेकंदांच्या तुकड्यांत विभागतात. प्रत्येक तुकड्याची सरासरी काढतात, आकडे सरासरीपासून किती पसरले आहेत ते पाहतात, हिसके किती वेळाने परत येतात हे मोजतात. सामान्य चालीत मिनिटाला सुमारे १०० ते १२० पावले पडतात, धावताना ती संख्या बरीच वाढते. परंतु झपाझप चालणारा आणि रमतगमत धावणारा यांची पावलांची संख्या जवळपास सारखीच भरू शकते. तेथे पसरण उपयोगी पडते: धावताना वर-खाली होणारे हिसके कितीतरी मोठे असतात. एक माप फसवते, तेथे दोन मापे एकत्र घेतली की वाट सापडते.

मात्र अनेक मापे एकत्र घेतली, की ‘जवळ’ आणि ‘दूर’ कशाला म्हणावे, हा प्रश्न उभा राहतो. त्याचे उत्तर एका भारतीयाने दिले आणि त्या कथेचा आरंभ नागपुरात झाला. १९२० साली नागपूरला भरलेल्या भारतीय विज्ञान परिषदेच्या अधिवेशनात प्रशांतचंद्र महालनोबिस यांची प्राणिशास्त्रज्ञ नेल्सन ॲनंडेल यांच्याशी गाठ पडली. कोलकात्यातील अँग्लो-इंडियन लोकांच्या शरीरमापांचा अभ्यास करण्याची विनंती ॲनंडेल यांनी केली. त्या कामातून सुरू झालेला विचार १९३६ साली परिपक्व झाला आणि ‘महालनोबिस अंतर’ या नावाने जगभर रूढ झाला.

त्याचे मर्म असे. माणूस वेगाने चालू लागला की त्याची टांगही लांब पडते. ही दोन मापे एकमेकींना धरून वाढतात. म्हणून वेग आणि टांग दोन्ही वाढलेली दिसली, तर त्यात फार नवल नाही. परंतु टांग लांब आणि वेग मात्र मंद, असे दिसले तर ते खरोखर वेगळेपण होय. साध्या मोजपट्टीला हा भेद कळत नाही. महालनोबिस यांचे अंतर प्रत्येक मापाचा स्वाभाविक पसारा आणि मापांचे परस्परसंबंध हिशेबात घेऊन मग दूर-जवळ ठरवते. आज यंत्रांना शिकवण्याच्या अनेक नव्या पद्धती आल्या आहेत. तथापि, एखादी चाल कोणत्या समूहाच्या अधिक जवळ आहे, हा मूळ प्रश्न तोच आहे.

घाटातून जाणारा गणिती

या विद्येचा दुसरा आधारस्तंभ खंडाळ्याच्या परिसराशी जोडलेला आहे. बोरघाटातून आगगाडी १८६३ साली धावू लागली आणि १९३० साली डेक्कन क्वीन सुरू झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर या गाडीने पुण्याहून मुंबईला नित्य ये-जा करणाऱ्यांत दामोदर धर्मानंद कोसंबी हे एक होते. गोव्यात १९०७ साली जन्मलेले, बौद्ध धर्माचे पंडित धर्मानंद कोसंबी यांचे हे चिरंजीव. हार्वर्डला शिकून ते भारतात परतले, फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवू लागले आणि १९४५ पासून १९६२ पर्यंत मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते. त्यांची इतिहासाची मार्क्सवादी मांडणी या सभेतील अनेकांना मान्य होणार नाही. परंतु गणिताला पक्ष नसतो आणि ज्याचे श्रेय त्याला देणे हा तर आपला संस्कारच आहे.

कोसंबी यांनी १९४३ साली, फर्ग्युसनमध्ये असताना, भारतीय गणित परिषदेच्या नियतकालिकात फलनांच्या अवकाशातील संख्याशास्त्रावर एक निबंध प्रसिद्ध केला. त्याचा विषय सोप्या शब्दांत असा: निरीक्षण म्हणजे एखादाच आकडा नसून काळाबरोबर बदलत जाणारी सबंध वक्ररेषा असेल, तर तिचे संख्याशास्त्र कसे करावे? कोसंबी यांनी दाखवले की, अशा अनेक रेषांच्या समूहातून काही मूळ आकार शोधता येतात आणि प्रत्येक रेषा ही त्या आकारांची कमी-अधिक प्रमाणात केलेली बेरीज असते. हे आकार आधीपासून गृहीत धरावे लागत नाहीत, ते त्या समूहातूनच निघतात. त्यानंतरच्या काही वर्षांत फिनलंडचे कार्हुनेन आणि फ्रान्सचे लोएव्ह यांनी स्वतंत्रपणे हाच सिद्धान्त मांडला. जगात तो बहुतांशी त्या दोघांच्या नावाने ओळखला जातो. काही ग्रंथांत कोसंबींचे नाव आता जोडले जाते, हे योग्यच आहे.

चालीला हा सिद्धान्त चपखल बसतो, कारण चाल ही वक्ररेषाच आहे. गुडघा किती वाकला, घोटा किती वळला, कंबर किती उचलली, या साऱ्यांच्या रेषा काळाबरोबर वरखाली होत राहतात. शेकडो माणसांच्या रेषांतून आधी सरासरी चाल काढायची, मग तिच्यापासून होणाऱ्या फरकांचे मूळ आकार शोधायचे. पहिल्या काही आकारांतच फरकाचा मोठा भाग सामावतो. उरलेला सोडून दिला तरी चाल ओळखता येते. निकोलाउस ट्रोये यांनी २००२ साली याच जातीच्या पृथक्करणाने स्त्री आणि पुरुष यांच्या चालींतील भेद थोड्या संख्यांत बांधून दाखवला. हजारो आकड्यांची चाल अशा रीतीने मूठभर आकड्यांत येते. आजीच्या मनात नातवाच्या पावलांचा जो ठसा असतो, त्याचे हे गणिती रूप म्हणावे लागेल.

कोसंबी स्वतः मोठे पायपिटे होते. पुण्याभोवतीचे डोंगर आणि कार्ले-भाजे लेण्यांचा हा मावळ त्यांनी पायांखाली घातला. लेणी, घाटवाटा आणि व्यापारी मार्ग यांचा संबंध त्यांनी चालत चालत अभ्यासला. प्राचीन नाण्यांची वजने करून त्यांनी दाखवले, की नाणे जितके अधिक हातांतून फिरते तितके त्याचे सरासरी वजन घटते आणि नाण्या-नाण्यांतील फरक वाढतो. झिजेवरून प्रवास ओळखणे आणि हिसक्यांवरून चाल ओळखणे, या दोहोंमागची दृष्टी एकच आहे.

स्वतःशी फरक, इतरांशी फरक

येथे एका अडचणीचा विचार अगत्याचा ठरतो. माणसाची चाल रोज सारखी नसते. सकाळी ताजातवाना असताना वेगळी, घाट चढून दमल्यावर वेगळी, डोक्यावर ओझे असताना वेगळी, पायात काटा मोडल्यावर तर अगदीच निराळी. एकाच माणसाच्या दोन दिवसांच्या चालींतील फरक हा दोन माणसांच्या चालींतील फरकापेक्षा मोठा असेल, तर ओळख पटणार कशी?

सातारा जिल्ह्यातील बुध गावी १९११ साली जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी आहाराच्या क्षेत्रात हाच मुद्दा आग्रहाने मांडला होता. एकाच निरोगी माणसाची ऊर्जेची गरज दिवसागणिक कमी-जास्त होते. म्हणून सरासरीची एक रेघ ओढून तिच्याखालच्या सर्वांना कुपोषित ठरवणे चुकीचे, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्यावर मोठा वाद झाला. तथापि, माणूस स्वतःशीच किती बदलतो हे आधी मोजा आणि मगच त्याची दुसऱ्याशी तुलना करा, हा त्यामागील दंडक चालीच्या अभ्यासालाही तंतोतंत लागू पडतो.

वैद्यकशास्त्रात तर हा स्वतःशी असलेला फरकच अमूल्य ठरतो. वृद्धांच्या पावला-पावलांमधील वेळ अनियमित होऊ लागली, तर पडण्याचा धोका वाढतो, असे अभ्यासांत दिसून आले आहे. कंपवाताच्या रुग्णाची पावले आखूड आणि फरफटती होतात. घरातील वडीलधाऱ्यांची चाल गेल्या वर्षीपेक्षा बदलली आहे, हे वेळीच कळले तर एखादे मोडलेले हाड आणि त्यामागून येणारे अंथरुण टाळता येईल.

मोजले कोणाला?

यंत्र ज्यांच्या चाली पाहून शिकते, त्यांनाच ते नीट ओळखते. पाश्चात्त्य प्रयोगशाळेत सपाट फरशीवर बूट घालून चालणाऱ्या तरुणांवरून जे यंत्र शिकले, त्याला नऊवारी नेसून डोक्यावर सरपणाची मोळी घेऊन घाट उतरणाऱ्या मावळी आजीची चाल कळेल काय? अनवाणी वारकऱ्याची, खांद्यावर कावड घेतलेल्याची, चिखलात भात लावून परतणाऱ्या शेतकऱ्याची चाल त्याला आजाराची वाटेल काय?

या प्रश्नाचे एक उज्ज्वल उत्तर भारताने पूर्वी दिले आहे. पाश्चात्त्य कृत्रिम पाय हा बूट घालून खुर्चीवर बसणाऱ्या माणसासाठी घडवलेला होता. आपला शेतकरी अनवाणी चालतो, उकिडवा बसतो, जमिनीवर मांडी घालतो. १९६८ च्या सुमारास जयपूरचे डॉक्टर प्रमोद करण सेठी आणि कुशल कारागीर रामचंद्र शर्मा यांनी हे ओळखून ‘जयपूर फूट’ घडवला. १९८१ साली डॉक्टर सेठींना मॅगसेसे पुरस्कार लाभला. पुण्यात १९४४ पासून सैन्याचे कृत्रिम अवयव केंद्र पाय गमावलेल्या जवानांना पुन्हा उभे करीत आले आहे. जमीन आपली, पाय आपले, तर मापेही येथलीच हवीत, हा त्यातील धडा होय.

हे काम आपल्याला अशक्य नाही. येथून हाकेच्या अंतरावर लोणावळ्यात १९२४ साली स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधामाची स्थापना केली आणि योगक्रियांचे परिणाम प्रयोगशाळेत मोजण्यास आरंभ केला. मोजल्याने योगाचे पावित्र्य उणावले नाही, उलट त्याच्याविषयीची खात्री वाढली. तीच दृष्टी ठेवून महाविद्यालयांतील तरुणांनी, गावकऱ्यांच्या संमतीने, डोंगरवाटांवरील चालीची मापे गोळा केली, तर ते मोठेच देशकार्य ठरेल.

साक्ष किती मानावी

अखेरचा प्रश्न न्यायाचा आहे. लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयात २००० साली चालीच्या पृथक्करणाची साक्ष एका चोरीच्या खटल्यात ग्राह्य धरण्यात आली. त्यानंतर इतरत्रही असे प्रयत्न झाले. परंतु २०१७ साली ब्रिटनच्या रॉयल सोसायटीने न्यायाधीशांसाठी जी मार्गदर्शिका प्रसिद्ध केली, तिने या साक्षीचा शास्त्रीय पाया मर्यादित असल्याचे स्पष्ट बजावले. छायाचित्रातील माणसाची चाल आरोपीच्या चालीसारखी आहे, एवढे सांगून भागत नाही. तशी चाल समाजात आणखी किती जणांची आहे, हे ठाऊक असावे लागते.

साधा हिशेब करून पाहू. समजा, एका स्थानकावरून दिवसाला एक लाख माणसे जातात आणि त्यांत दहा गुन्हेगार आहेत. यंत्र १०० पैकी ९९ वेळा बरोबर सांगते. तरीही एका दिवसात सुमारे १,००० निरपराध माणसांवर ते बोट ठेवील आणि त्या गर्दीत खरे गुन्हेगार दहाच असतील. म्हणजे यंत्राने ज्यांना अडवले, त्या सुमारे शंभरांतील एकच दोषी! ९९ टक्के अचूकतेचा अर्थ असाही होतो, हे प्रत्येक नागरिकाने समजून घेतले पाहिजे. राष्ट्राची सुरक्षा सर्वतोपरी महत्त्वाची आहे, यात शंका नाही. पण निरपराधाला छळणारे आणि अपराध्याला गर्दीत लपू देणारे साधन सुरक्षेचे काम करीत नाही.

शिवाय बोटाचा ठसा देताना माणसाला ठाऊक तरी असते. चाल मात्र दुरून, नकळत टिपता येते. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा एकमुखी निर्णय दिला. २०२३ साली संसदेने वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. माणसाची चालही त्याची स्वतःची माहिती आहे, ही जाण समाजात रुजणे आवश्यक आहे.

तेव्हा यंत्राला नाकारण्याचे कारण नाही आणि त्याच्यापुढे मान तुकवण्याचेही नाही. यंत्र ‘ही चाल अमक्याची’ असे म्हणते, तेव्हा तीन प्रश्न विचारावेत. ते कोणाच्या चाली पाहून शिकले? तोच माणूस दमल्यावर, ओझे घेतल्यावर, आजारी पडल्यावर त्याला ओळखता येतो काय? आणि शंभरांत किती वेळा ते चुकते, हे कोणी त्रयस्थाने तपासले आहे काय? शेजारच्या गावच्या राखणदाराची खात्री पटेपर्यंत माग पुरा झाला असे मानायचे नाही, हा या भूमीचा जुना नियम होता. संख्यांनी काढलेल्या मागालाही तोच नियम लावला पाहिजे.